आधी उघडून पाहा

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

आयटीआय करून वॉशिंग मशीनच्या सर्व्हिस सेंटरला लागलास आणि चौथ्याच महिन्यात ‘कार्ड गेले, नवीन टाका’ एवढेच बोलायला शिकलास, याची तुला लाज वाटते हे वाचून मला बरे वाटले. पण ‘नोकरी सोडू का’ हे मला काय विचारतोस? ज्या मशीनचे कार्ड, म्हणजे ती चालवणारी सर्किटची पाटी, गेली म्हणालास, ती मशीन तू उघडून पाहिली होतीस का? तीन पानांच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

मीही एकदा उघडले नव्हते. गुहागरच्या एका आजींच्या फ्रंट लोड मशीनचे बेअरिंग गेल्याचे मला आवाजावरूनच कळले होते. त्या मॉडेलचा, ड्रमभोवतीचा प्लास्टिकचा टब दोन अर्धुकांचा, पण स्क्रूने न आवळता वितळवून जोडलेला. त्यामुळे काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी ड्रमसकट अख्खा टब विकत घ्यावा लागे आणि त्याची किंमत ऐकूनच गिऱ्हाईक नव्या मशीनकडे वळे. मी टब बाहेरही न काढता ‘आजी, आता हिचे काही होणार नाही’ असे सांगून मोकळा झालो. पुढचा अख्खा पावसाळा त्यांनी वाकून, हाताने कपडे धुतले. दोन वर्षांनी तसलाच टब मी लोखंड कापायच्या करवतीने सांध्यावरून कापला, तर कडेला स्क्रूसाठी जागा आयत्याच होत्या. बेअरिंगची जोडी आणि पाणी अडवणारे ऑइल सील बदलले, सांध्यात सिलिकॉन भरले, स्क्रू आवळले. तो टब एक थेंबही गळला नाही. तोवर आजींची मशीन भंगारात गेली होती. त्या वेळी मला दोन मुलांची फी भरायची होती, दिवसाला चार घरे गाठायची होती. हे खरे आहे, आणि तरीही मी उघडायला हवे होते.

कंपन्यांचे सगळेच खोटे असते असे मी म्हणत नाही. कार्डावर ओतलेली राळ आपल्या खाऱ्या, दमट हवेत उपयोगीच पडते. पण सर्किटचा नकाशा न देणे, बेअरिंग सुटे न विकणे, याचा खाऱ्या हवेशी काय संबंध? युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान १० वर्षे पुरवावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल, म्हणजे दुरुस्तीची माहिती एका जागी देणारे संकेतस्थळ, सुरू केले. कंपन्यांवर तशी सक्ती मात्र नाही. म्हणून आज तरी गिऱ्हाइकाची बाजू घेणारा तूच आहेस, आणि तूच न उघडता बोलतोस!

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात चिखलाने भरलेल्या मशीन रस्त्यावर रांगेने पडल्या होत्या. सेंटरची माणसे नुसती पाहून ‘बाद’ लिहीत होती. मी कार्डे गोड्या पाण्याने धुतली, स्पिरिटने पुसली, आठवडाभर वाळवली. सगळी चालली नाहीत, बरीच चालली. कोणती चालणार, हे उघडल्याखेरीज मलाही सांगता आले नसते. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणोत.

नोकरी तूर्त सोडू नकोस, घरी पैसे लागतात. पण ‘होणार नाही’ हे शब्द झाकण काढून, मीटर लावून, मगच उच्चार. वरिष्ठ रागावले तरी. तो कापलेला टब मी जपून ठेवला आहे. येत्या रविवारी ये, येताना करवतीची दोन पाती आण. दुसरा टब तू काप.