मीटिंगच्या तयारीला एआय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. सकाळी दहाला स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) असतो. एआयला 'माझा स्टँडअप लिहून दे' म्हटलं की पानभर मजकूर येतो आणि त्यात न केलेली कामंही असतात. असं का होतं?

काल तुम्ही काय केलंत, हे त्याला माहीतच नसतं. मग 'परफॉर्मन्स सुधारला', 'टीमशी समन्वय साधला' अशी कुठेही खपणारी वाक्यं तो भरतो. त्यामुळे आधी कच्चा माल तुम्हीच द्यायचा. आदल्या संध्याकाळी लॅपटॉप बंद करण्यापूर्वी पाच मिनिटं काढा आणि एका फाइलमध्ये तीन गोष्टी चिकटवा: गिटमधली (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) त्या दिवसाच्या कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची यादी, हात लावलेल्या जिरा तिकिटांचे (कामांच्या नोंदींचे) क्रमांक व स्थिती, आणि कमिटमध्ये कधीच न दिसणारं काम, म्हणजे दुसऱ्याच्या कोडचा रिव्ह्यू, फोनवर सोडवलेली अडचण. ही तिसरी गोष्ट हमखास राहते आणि दिवसभर राबूनही अपडेट रिकामा वाटतो. सोमवारी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कमिटची यादी 'कालपासून' मागवली तर फक्त रविवार येतो; शुक्रवारची तारीख घाला.

मग सूचना अशी द्या: 'खालच्या नोंदींबाहेरचं काहीही लिहू नकोस. जास्तीत जास्त ८० शब्द. अडलेलं काम सर्वांत आधी, ते कोणाकडे आणि केव्हापासून अडलंय त्यासह. नोंद अपुरी असेल तर अंदाज न करता मला प्रश्न विचार.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. न केलेली कामं घुसण्याचं प्रमाण त्यानेच सर्वांत कमी होतं.

८० शब्दच का? स्टँडअप १५ मिनिटांचा. टीममध्ये ९ जण असतील तर प्रत्येकाला १०० सेकंद मिळतात आणि चर्चाही त्यातच करायची असते. 'काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय' हे तीन प्रश्न स्क्रम गाइडच्या (स्टँडअप ज्या कार्यपद्धतीत येतो तिच्या मूळ मार्गदर्शिकेच्या) २०२० च्या आवृत्तीतून काढलेले आहेत. तिथे भर आहे तो स्प्रिंटचं (ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्याचं) उद्दिष्ट गाठायला आज काय बदलावं लागेल, यावर. म्हणून स्प्रिंटचं उद्दिष्ट एका ओळीत सूचनेच्या वर टाका आणि शेवटी विचारा, 'या अपडेटवर टीम लीड कोणते तीन प्रश्न विचारेल?' आमच्या मते एआयचा खरा उपयोग इथे आहे. वाक्यं सजवण्यात फारसं काही मिळत नाही.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. साडेआठच्या प्रॉडक्शन मीटिंगसाठी तिन्ही शिफ्टचे आकडे एआयला देतो. रिजेक्शनची टक्केवारी कधी बरोबर येते, कधी नाही.

हिशेब त्याच्याकडून करून घेऊच नका. हे सहायक मुळात पुढचा शब्द जुळवणारी यंत्रं आहेत, त्यामुळे बेरीज-भागाकार बहुतेक वेळा जमतो आणि मध्येच फसतो. बेरीज एक्सेलमध्ये करा, तयार आकडे द्या.

नेहमी होणारी चूक ही टक्क्यांच्या सरासरीची. समजा पहिल्या शिफ्टला ८०० नग, ८ रिजेक्ट, म्हणजे १ टक्का. दुसरीला ६०० पैकी १२, म्हणजे २ टक्के. तिसरीला २०० पैकी १२, म्हणजे ६ टक्के. तिन्ही टक्क्यांची सरासरी ३ येते. पण एकूण १,६०० नगांत ३२ रिजेक्ट, म्हणजे खरं रिजेक्शन २ टक्केच. ही चूक माणसंही करतात, आणि एआयला नुसते टक्के दिलेत तर त्याला दुसरं काही करताच येत नाही.

एआयकडून मागायचं ते वेगळं: काल आणि आजच्या आकड्यांतला सर्वांत मोठा फरक कुठे आहे, आणि त्यामागचं कोणतं कारण नोंदीत लिहिलेलं नाही. वरच्या उदाहरणात तिसऱ्या शिफ्टला फक्त २०० नग का निघाले? मशीन बंद होतं, टूल बदललं, की माल आला नाही? मीटिंगमध्ये हाच प्रश्न आधी येईल. सव्वाआठपर्यंत मेंटेनन्सला फोन करून उत्तर हाताशी ठेवा.

प्रश्न : कंपनीची माहिती अशी टाकावी का?

वैयक्तिक खात्यात टाकू नये. तिथला मजकूर मॉडेल शिकवण्यासाठी वापरला जाऊ शकतो. सेटिंगमध्ये ते बंद केलं तरी कंपनीच्या दृष्टीने माहिती बाहेर गेलेलीच असते. कंपनीने दिलेलं खातं असेल तर ते वापरा, आणि त्यातही ग्राहकाचं नाव, दर, ड्रॉइंगचे फोटो आणि पासवर्ड असलेले लॉग वगळा. 'ग्राहक क', 'पार्ट ३' एवढं पुरतं.

प्रश्न : खराडीहून अमेरिकेतल्या क्लायंटशी रोज रात्री कॉल असतो. आमची तयारीची बैठक मराठी-हिंदी-इंग्रजी मिश्र चालते. एआयने काढलेल्या नोंदींत तारखा आणि जबाबदाऱ्या चुकतात.

मिश्र भाषेत पहिला घोटाळा 'परवा'चा. आपल्याकडे परवा मागचाही असतो आणि पुढचाही, आणि हिंदीतला 'कल'ही तसाच. 'परवा पाठवलं' आणि 'परवा पाठवू' यांतलं क्रियापद नीट ऐकू आलं नाही की नोंद उलटी होते. 'पावणेदोन', 'अडीच' यांचंही तेच. बोलणं मजकुरात उतरताना पावणे गळून नुसतं दोन उरतं. उपाय बोलतानाच करायचा: तारीख आकड्यात म्हणा, आणि प्रत्येक मुद्दा संपताना नाव, काम, दिवस एका वाक्यात मोठ्याने सांगा. 'ते बघून घेऊ' यातून जबाबदारी कोणाची, हे कोणालाच काढता येणार नाही.

लेखी तारखांत महिना अक्षरांत लिहा. ०३/०४ हे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. रक्कम लाखात असेल तर क्लायंटसाठीच्या मसुद्यात ती मिलियनमध्ये तुम्हीच बदला: १२,५०,००० म्हणजे १.२५ मिलियन.

कॉलची वेळ विचारताना दिवसाची पूर्ण तारीख द्या. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसात असतात, हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ. तारीख न देता विचारलंत तर या दोनपैकी कोणतंही उत्तर येऊ शकतं, म्हणून घड्याळ बदलतं त्या दोन आठवड्यांत वेळ कॅलेंडरच्या निमंत्रणातूनच पाहा.