जंत दिसले म्हणून लगेच कारण लिहू नकोस

बाळा,

तुझा मेसेज वाचला, फोटोपण नीट बघितले. पहिलंच पोस्टमॉर्टम, आणि पोट उघडल्या उघडल्या आतड्यांवर ते लांब पांढरे दोऱ्यासारखे जंत दिसले, मग "हरीण जंतांनीच मेलं" असं वाटणारच. पण रिपोर्टमध्ये ते लिहायच्या आधी जरा थांब. फोटोवरून तरी ते सेटारिया वाटतात, ते पोटाच्या पोकळीत मोकळे राहतात, डासांमार्फत पसरतात आणि हरणाला सहसा काही करत नाहीत. मीपण सुरुवातीला हेच लिहून मोकळा झालो होतो. सीनियरनी एकच विचारलं, मांडीचं हाड फोडून बघितलंस का? फोडलं तर आतला मगज लाल, जेलीसारखा, म्हणजे अंगातली चरबी पार संपलेली, जनावर कित्येक दिवस उपाशी. मग जबडा बघितला तर जुनं फ्रॅक्चर, त्याला चावताच येत नव्हतं. जंत तिथे होते, एवढंच.

खरे त्रास देणारे पटकन दिसतही नाहीत. पोटाचा चौथा कप्पा उघड, आतलं सगळं बादलीत धुऊन घे आणि काळ्या ट्रेवर थोडं थोडं ओतून बघ. हिमॉन्कस तिथे सापडतो, दोन-तीन सेंटीमीटरचा, मादी लाल-पांढऱ्या पिळाची. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त पितो, ऐकायला काहीच नाही, पण हजार झाले की रोजचं 50 मिली, आणि पाडसाला ते झेपत नाही. पापणीची आतली बाजू पांढरीफटक, जबड्याखाली पाणी साठून सूज, हे दिसलं तर जंतांवर संशय घे. म्हणजे जंत आहेत का यापेक्षा किती आहेत आणि कोणाच्या अंगात आहेत ते बघायचं. कळपातले बहुतेक जंत मोजक्याच जनावरांच्या पोटात असतात, त्यामुळे एका हरणावरून अख्ख्या कळपाबद्दल बोलू नकोस.

कोणाच्या अंगात, हे तर फारच महत्त्वाचं. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मेंदूच्या आवरणात एक जंत राहतो, हरीण मजेत असतं. त्याच्या अळ्या लेंड्यांतून गोगलगाईत जातात, ती गोगलगाय पाल्याबरोबर मूसच्या, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणाच्या, पोटात गेली की तो मूस मागच्या पायांनी लुळा पडतो, गोल गोल फिरत राहतो, शेवटी मरतो. मोठ्या लिव्हर फ्लूकचंही, म्हणजे लिव्हरमध्ये राहणाऱ्या चपट्या जंताचंही, तसंच. अमेरिकेतून आणलेल्या वापिटी हरणांबरोबर तो युरोपात आला, 1875 साली इटलीत तुरीनजवळच्या पार्कात त्याची नोंद झाली. हरणाचं लिव्हर त्याला कॅप्सूलमध्ये कोंडून टाकतं, मेंढीला ते जमत नाही आणि दोन-चार फ्लूकसुद्धा तिला मारू शकतात.

आणि मेलं नाही म्हणजे नुकसान नाही असंही नाही बरं का. स्वालबार्डच्या, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बर्फाळ बेटांवरच्या, रेनडिअरवर हे तपासलंय, जंतांचं औषध दिलेल्या माद्या न दिलेल्यांपेक्षा जास्त गाभण राहिल्या, विशेषतः जंत वाढलेल्या वर्षानंतर. एकही शव न पडता कळप वाढायचा थांबू शकतो, मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

तू विचारलंयस मिठाच्या ढेपेत जंतांचं औषध मिसळून ठेवू का. नको. कोण किती चाटेल याचा नेम नाही, अर्धवट डोसने औषधाला दाद न देणारे जंत उरतात, सगळी हरणं एकाच जागी येऊन तिथेच लेंड्या टाकतात, आणि औषध आयव्हरमेक्टिन असेल तर ते लेंड्यांतून उतरून शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. त्यापेक्षा लेंड्या गोळा कर, एकदम ताज्या, प्रत्येक जनावराच्या वेगळ्या पिशवीत, फ्रीजमध्ये ठेव पण फ्रीझरमध्ये नको. जंतांची अंडी मॅकमास्टरने, म्हणजे रेघा आखलेल्या काचपट्टीवर मायक्रोस्कोपखाली, मोज, फुप्फुसातल्या जंतांच्या अळ्यांसाठी बेअरमान लाव, म्हणजे लेंड्या पाण्यात ठेवून अळ्या खाली उतरू दे, त्या मॅकमास्टरमध्ये निसटतात.

हो, एक राहिलंच, लिव्हर किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी दिसल्या तर ते अवयव कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नकोस, खोल पूर. ती हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याच्या पट्टकृमीच्या अळीची गाठ, असेल तर कुत्र्याच्या विष्ठेतून त्या जंताची अंडी माणसापर्यंत येतात.

शव अजून ठेवलं असेल तर आजच मांडीचं हाड फोड, मगजाचा आणि दोन्ही जबड्यांचा फोटो उजेडात काढून पाठव. तोपर्यंत रिपोर्टमधला कारणाचा रकाना कोरा राहू दे.