एका दिवसात देब्रे लिबानोस होईल का?

प्रश्न: नमस्कार ताई, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी ऑफिसच्या कामासाठी अदिस अबाबाला चाललोय, आई पण सोबत येतेय. मधला एक रविवार पूर्ण मोकळा आहे. लालिबेलाची दगडी चर्चेस एका दिवसात बघून परत येता येईल का? नाहीतर जवळपास दुसरं काय बघण्यासारखं आहे? आईचं वय ६८, गुडघे दुखतात, आणि आम्ही दोघंही शुद्ध शाकाहारी आहोत.
- एक वाचक

उत्तर: लालिबेला एका दिवसात नकोच. रस्त्याने ६०० किलोमीटरच्या वर अंतर आहे, विमानाने गेलात तरी तिथली ११ चर्चेस म्हणजे सगळी चढउतार आणि बोगदे, आईंना घेऊन धावत धावत बघण्यात काय मजा. ते पुढच्या खेपेला निवांत दोन रात्री राहून करा.

या वेळी देब्रे लिबानोसच्या मठात जा. अदिसपासून साधारण १०० किलोमीटर, गोज्जाम भागाकडे जाणारा रस्ता. शहर सोडलं की एंतोतोचा डोंगर चढायचा, इथे ३,००० मीटरच्या आसपास उंची असते त्यामुळे आईंना थोडी धाप लागली तर घाबरू नका, पाणी पीत राहा, हळू चाला. पलीकडे सुलुल्ताचं पठार लागतं. तुम्ही जाताय तेव्हा तेफ या बारीक धान्याची कापणी चाललेली असते, सोनेरी शेतं, गंज्या, मळणीला जुंपलेले बैल, आणि असं सपाट बघत बघत आपण चाललेलो असतो आणि एकदम जमीन संपते. समोर खोल दरी. वर काळा कातळ, त्याच्याखाली फिकट दगडाचे थर. वरचा काळा थर म्हणजे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि दरीतलं पाणी जेमा नदीतून शेवटी अबायला, म्हणजे निळ्या नाईलला जाऊन मिळतं. मी तिथे कड्यावर अर्धा तास नुसती बसून होते.

मठ याच कड्याच्या पोटात आहे. १३व्या शतकात संत तेक्ले हायमानोत यांनी तो स्थापन केला. हे संत वर्षानुवर्षं उभे राहून प्रार्थना करत राहिले, शेवटी एक पाय गळून पडला तरी थांबले नाहीत अशी श्रद्धा आहे, म्हणून चित्रांत ते एका पायावर आणि पंखांसह दिसतात. आत्ताचं मोठं चर्च सम्राट हैले सेलासींनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून घेतलं, त्याच्या रंगीत काचा जरूर बघा. वर संतांची गुहा आहे पण चढ आहे, आईंना खालीच बसू दे. खालीही बघण्यासारखं खूप आहे हो. मी गेले तेव्हा पांढरी नेतेला (शाल) डोक्यावरून घेतलेली एक आजी पिवळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये पवित्र पाणी भरून घेत होती, झाकण लावलं, पुन्हा उघडलं, ओंजळभर पाणी नातवाच्या डोक्यावर ओतलं आणि मग परत घट्ट लावलं. लांबून लांबून लोक त्या पाण्यासाठी येतात.

आणि एक गोष्ट तिथे पाऊल ठेवण्याआधी माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. तेव्हा देशावर इटलीचा ताबा होता. फेब्रुवारी १९३७ मध्ये अदिसमध्ये इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानीवर बॉम्बहल्ला झाला, तो वाचला, आणि हल्लेखोरांना मठाने आसरा दिला असा ठपका ठेवून मे महिन्यात, ऐन संतांच्या सणाला जमलेल्या भिक्षूंना ट्रकमध्ये घालून नेलं आणि गोळ्या घातल्या. इटालियन तारेतच आधी २९७ भिक्षूंचा आकडा आहे, नंतरच्या अभ्यासकांनी तो खूप जास्त, हजाराच्या वर धरलाय. म्हणून सांगते, तिथे सेल्फीची घाई करू नका. बूट बाहेर काढा, आईंनी डोक्यावर ओढणी घ्यावी, बायका-पुरुषांची दारं वेगळी असतात, फोटो विचारूनच. रविवारी सकाळची पूजा लांब चालते, ती संपेपर्यंत बाहेर शांत बसा, ऐकण्यासारखी असते.

जवळच ‘पोर्तुगीज पूल’ आहे. नाव पोर्तुगीज असलं तरी बांधला मेनेलिक सम्राटांचे काका रास दार्गे यांनी, पोर्तुगीज गेल्यावर कित्येक वर्षांनी. वाट उताराची आणि खडबडीत आहे त्यामुळे तुम्ही एकटेच जाऊन या, आईंना वर कड्याजवळ बसवा, कारण गेलाडा माकडं बहुतेक तिथेच भेटतात. जगात फक्त इथिओपियाच्या पठारावर. छातीवर लाल डाग, नराला सिंहासारखी आयाळ, आणि खाणं काय तर गवत! बसल्या बसल्या दोन्ही हातांनी चुटूचुटू गवत उपटतात, मूठ भरली की तोंडात, आणि न उठताच पुढे सरकतात. खायला काही देऊ नका.

जेवणाची काळजी तर सोडाच. नोव्हेंबरच्या शेवटापासून त्यांच्या ख्रिसमसपर्यंत, म्हणजे ७ जानेवारीपर्यंत, ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास असतो, मांस, दूध, अंडी काही नाही. ‘त्सोम बेयायनेतू’ मागा, एका मोठ्या इंजेरावर, म्हणजे तेफच्या आंबवलेल्या पोळीवर, डाळी, शिरो (डाळीच्या पिठाचं पिठल्यासारखं कालवण), भाज्या असं सगळं येतं.

ड्रायव्हरशी वेळ ठरवताना मात्र जपा, तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. मी ‘सहा’ म्हटलं आणि गाडी आली दुपारी १२ला, अर्धा दिवस गेला. सकाळी सहाला हवी असेल तर त्यांच्या हिशोबाने ‘बारा’, आणि सकाळ की संध्याकाळ तेही बोलून घ्या.

प्रश्न: ताई, त्या बाजूचा रस्ता सुरक्षित नाही असं ऐकलं. मग दगडी चर्च बघायचा दुसरा काही मार्ग?
- एक वाचक

उत्तर: बरोबर ऐकलंत. गेल्या काही वर्षांत ओरोमिया आणि अमहारा भागात अशांतता आहे, गोज्जाम रस्त्यावर अपहरणंही झालीत. त्यामुळे वरचा प्लॅन करणाऱ्यांनीही आदल्या दिवशी हॉटेलात आणि दूतावासाकडे विचारूनच निघावं, आणि नको म्हणाले तर हट्ट करू नये, अंधार पडायच्या आत तर परत यायलाच हवं. दक्षिणेकडे अदादी मरियम आहे, लालिबेलासारखंच जमिनीत कोरलेलं पण लहान, आणि तसंच पुढे गेलं की तियाच्या कोरीव शिळा, १९८० पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्या रस्त्याचीही चौकशी करायची हे आलंच. तेही नाही जमलं तर एंतोतो मरियम चर्चला जा, मेनेलिकचा राज्याभिषेक तिथेच झाला होता, निलगिरीच्या झाडांतून खाली अख्खं अदिस दिसतं आणि दुपारच्या जेवणाला तुम्ही हॉटेलात परत.