वाचकांचे प्रश्न : इमारत मागे कलंडू नये म्हणून

प्रश्न : गेटवे ऑफ इंडियाचा फोटो खालून काढला की कमान मागे कलंडल्यासारखी दिसते. शिफ्ट लेन्सने हे टळेल का?

उत्तर : टळेल. दोष कॅमेरा वर झुकवण्यात आहे. सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) भिंतीला समांतर राहिला नाही, की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. शिफ्ट लेन्स असली की कॅमेरा सरळच ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायची. लेन्स आत जी गोल प्रतिमा पाडते, ते वर्तुळ या लेन्सचं सेन्सरपेक्षा बरंच मोठं असतं, म्हणून हे जमतं.

हिशेबच करू. गेटवेची उंची २६ मीटर. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा, लेन्स २४ मिमी, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, अंतर २० मीटर. शिफ्ट न करता फ्रेम साडेसोळा मीटर उंचीवर संपते, म्हणजे वरचा भाग कापला जातो. लेन्स १२ मिमी वर सरकवली की तीच फ्रेम साडेसव्वीस मीटरपर्यंत पोचते. माथ्यावर आकाश हवं असेल तर २५ मीटरवर जा.

आधी ट्रायपॉडवर कॅमेरा दोन्ही दिशांनी लेव्हल करा. शिफ्ट शून्यावर असतानाच एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा ते) मोजून मॅन्युअलला ठेवा, कारण शिफ्ट केल्यावर डीएसएलआरचं मीटर हमखास चुकतं. मग लेन्स सरकवा आणि लॉकचा स्क्रू लगेच आवळा. तो सैल राहिला तर जड लेन्स स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरते आणि कमानीचा माथा फ्रेमबाहेर जातो. या लेन्समध्ये सहसा ऑटोफोकस नसतो. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र, मोठं करून हाताने फोकस करा. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११ ठेवा, नाहीतर पूर्ण शिफ्टला वरचे कोपरे अस्पष्ट आणि काळपट येतात. जाड कड्याचा फिल्टर तर काढूनच टाका.

फार जवळून उंच इमारत उभ्या रेषा अगदी समांतर ठेवून काढली तर डोक्याशी रुंद भासते. अशा वेळी कॅमेरा किंचित, एखादा अंश, वर झुकवलेलाच बरा.

प्रश्न : खोलीच्या फोटोत समोरच्या आरशात मी दिसतो. काय करू?

उत्तर : आडवी शिफ्ट वापरा. कॅमेऱ्याचं प्रतिबिंब आरशात नेमकं त्याच्या समोर पडतं. आरसा १ मीटर रुंद आणि २ मीटर दूर असेल, तर त्याच्या मध्यापासून ७० सेंटीमीटर बाजूला सरका. कॅमेरा आरशाला समांतरच ठेवा. २४ मिमी लेन्स आरशाच्या दिशेला सुमारे साडेआठ मिमी सरकवली की आरसा फ्रेमच्या मध्यावर येतो आणि तुम्ही त्यात दिसत नाही. दुकानाच्या काचेलाही हाच उपाय.

प्रश्न : ही महागडी लेन्स न घेता काम भागेल?

उत्तर : बऱ्याचदा भागतं. १४ मिमी लेन्स लावून कॅमेरा लेव्हलमध्ये उभा धरा आणि नंतर खालचा व बाजूचा भाग कापा. २४ मिमीला १२ मिमी शिफ्ट करून मिळते तीच चौकट मिळते. मात्र चित्राचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, २४ मेगापिक्सेलचे ८. ए४ प्रिंटला तेवढे पुरतात. भिंतभर प्रिंट करायची असेल तर लेन्स भाड्याने आणा.