रसप्रक्रियेसाठी नागपुरी संत्री आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याची) घ्यावीत की मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची)?

केवळ रसाच्या गुणवत्तेचा विचार केल्यास मृग बहाराची, पूर्ण पक्व होऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलेली संत्री घ्यावीत, कारण त्यांत साखर अधिक आणि आम्लता कमी असते. संत्रे तोडल्यानंतर आंब्यासारखे पिकत नाही, त्यामुळे गोडी झाडावरच ठरते. ऑक्टोबरमध्ये घाईने तोडलेल्या आंबियाचा रस आंबट तर लागतोच, शिवाय काढल्यावर काही तासांत लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होऊन तो कडवट होतो. फळ जसजसे पक्व होते तसतसा हा दोष कमी होतो, मात्र यंत्रात बिया चिरडल्या गेल्यास तो वाढतो. सालीच्या रंगावर विसंबू नये: विदर्भात ऑक्टोबरच्या उबदार रात्रींमुळे आतून तयार झालेले फळही बाहेरून हिरवट राहते, तर पंजाबातील किन्नो या संत्रावर्गीय फळाला तेथील कडक थंडीमुळे गडद नारिंगी रंग येतो. ब्रिक्स (रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचे प्रमाण) आणि आम्लता यांचे गुणोत्तर मोजूनच तोडणी ठरवणे उत्तम. मात्र मृगाची फळे झाडावर फार काळ राहिल्यास साल पोकळ सुटते आणि फोडी कोरड्या पडतात; शिवाय पावसाने दगा दिला की मृगाचा बहार नीट फुटत नाही, त्यामुळे कारखान्याला आंबिया पूर्णपणे वगळता येत नाही.