गाठ काढली, तरी खर्रा बंदच का?

प्रश्न : खर्ऱ्याची (तंबाखू, सुपारी व चुन्याच्या मिश्रणाची) जुनी सवय असलेल्या माझ्या मोठ्या भावाच्या गालातील कर्करोगाची गाठ काढली असून आता शेक (किरणोपचार) सुरू होणार आहे. त्याचे तोंड आधीपासूनच जेमतेम दोन बोटे उघडत असे. "गाठीइतकेच तिच्या भोवतालचे मांस महत्त्वाचे," असे डॉक्टर म्हणाले, त्याचा अर्थ काय? गाठच गेली, तर खर्रा आताही सोडायलाच हवा का?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : गाठीत केवळ कर्करोगाच्या पेशी नसतात. रक्तवाहिन्या, तंतू तयार करणाऱ्या पेशी आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही तिच्यात असतात व त्यांपैकी अनेकींना कर्करोग आपल्याच कामाला जुंपतो. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून असे मांडले की, बी सगळीकडे पडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. पऱ्हाटी पेरणाऱ्यांना हे अधिक उलगडून सांगायला नको.

तुमच्या भावाच्या गालात ही जमीन बहुधा खर्ऱ्यानेच तयार केली. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन या प्रथिनाचे तंतू साचत जातात, गाल पांढुरका व ताठर होतो, तिखट सोसवत नाही आणि तोंड उघडेनासे होते. ही कर्करोगापूर्वीची अवस्था तंबाखूशिवाय, नुसत्या सुपारीनेही येते. त्यामुळे "साधी सुपारी चालते" हा गावोगावचा समज घातक आहे.

गाठ पांढऱ्या पेशींना थोपवूनही धरते. हा अडसर काढण्याचा मार्ग दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्यातून आलेली औषधे फार महाग आहेत. मात्र मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या गोळ्यांना निवोलुमॅब या अशाच एका औषधाच्या अवघ्या २० मिलिग्रॅम मात्रेची जोड दिली, तेव्हा वर्षभर हयात राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. आपल्याकडच्या खिशाचा विचार करता मला हे संशोधन मोलाचे वाटते.

शेकाला प्राणवायूची साथ लागते. जिथे तो कमी पोहोचतो, तिथल्या पेशी किरणांना सहज दाद देत नाहीत. म्हणून भाऊ विडी ओढत असल्यास तीही थांबवावी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

खर्रा मात्र कायमचाच सोडावा लागेल, कारण उरलेले अस्तरही तितकीच वर्षे त्याच माऱ्याखाली होते व तिथे दुसरी गाठ होऊ शकते. तोंड उघडण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करावेत, आणि दोन आठवड्यांत न भरणारे छाले किंवा नवा पांढरा चट्टा दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.