हार घातल्यावर काय?

चि. ओवीस अनेक आशीर्वाद,

शाळेतल्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमानंतर तू फोनवर विचारलंस, "बाबा, आपल्याकडे जयंती म्हणजे फोटोला हार, दोन भाषणं आणि झालं. का करतात? तिकडे करतात का?"

इथे मेक्सिकोतही करतात गं. २१ मार्च ही इथले एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांची जयंती, मार्चच्या तिसऱ्या सोमवारी देशभर सुट्टी. मेक्सिको सिटीच्या अलामेदा बागेत त्यांचं पांढऱ्या संगमरवराचं अर्धवर्तुळाकार स्मारक आहे. तिथे पुष्पचक्रं वाहतात.

हुआरेस जन्मले १८०६ साली, ओआहाका प्रांतातल्या ग्वेलाताओ नावाच्या डोंगरी खेड्यात, झापोतेक या आदिवासी समाजात. तीन वर्षांचे असताना आईवडील गेले. काकांची मेंढरं राखत वाढले. बाराव्या वर्षी चालत ओआहाका शहर गाठलं, तेव्हा धड स्पॅनिशही येत नव्हतं. पुस्तकबांधणी करणाऱ्या एका गृहस्थांनी आसरा दिला, शाळेत घातलं. पुढे वकील, न्यायाधीश आणि १८४७ मध्ये त्याच प्रांताचे गव्हर्नर. सांता आन्ना या हुकूमशहाने हद्दपार केलं, तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये सिगार वळून पोट भरलं.

परत येऊन न्यायमंत्री झाले. तोवर पाद्री आणि लष्करी अधिकारी यांची कोर्टं वेगळी, म्हणजे त्यांचा न्याय त्यांचेच लोक करणार! १८५५ च्या कायद्याने दिवाणी खटल्यांपुरती ही सवलत हुआरेस यांनी काढून घेतली. मला त्यांचं हे काम सगळ्यात मोठं वाटतं. १८५८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. मग यादवी, मग फ्रेंच फौजा. फ्रेंचांनी ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या मॅक्सिमिलियनला सम्राट म्हणून बसवलं, तर हे उत्तरेकडे सरकत, काळ्या घोडागाडीतून सरकार चालवत राहिले. १८६७ मध्ये जिंकून राजधानीत परतले.

पण ओवी, त्यांच्याच पक्षाच्या १८५६ च्या जमीन कायद्याने चर्चबरोबर आदिवासी गावांच्या सामाईक जमिनीही मोडीत निघाल्या. १८७१ मध्ये ते पुन्हा निवडणुकीला उभे राहून जिंकले, तेव्हा 'फेरनिवड नको' म्हणत सेनापती पोर्फिरिओ दियास यांनी बंड केलं. पुढे त्याच दियासनी तीसएक वर्षं सत्ता सोडली नाही, आणि १९१० मध्ये अलामेदातलं हे स्मारकही त्यांनीच उभारलं. हार कोणीही घालू शकतो.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देईलही, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. म्हणून मला जयंती हवी आहे. वर्षातून एक दिवस तरी त्या माणसाने काय केलं, काय राहिलं, हे उघडून बघायला मिळतं. हार घाल, पण मग बसून वाच.

ते भाषण आपल्या कपाटात आहे, आईकडून मागून घे. रविवारी फोनवर मला त्यातला एक परिच्छेद वाचून दाखव, आणि पटला नाही तर तेही सांग.

तुझा
बाबा